संगणक आज्ञावलीचे कोठार आणि त्याच्या किल्ल्या

दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व पाडव्याच्या सुमारास गावी परततात. या पाच-सहा महिन्यांत त्यांचे घर बंद असते. परंतु त्यांच्या जमिनीची, शिधापत्रिकेची, पीकविम्याची आणि मुलांच्या शाळेतील नावाची नोंद गावातच राहते. पूर्वी ही नोंद दप्तराच्या बासनात असे. आज ती संगणकात आहे. दूर उसाच्या फडात राबणारा माणूस तिच्यावर पहारा ठेवू शकत नाही. त्याचा सारा भरवसा, ज्यांच्या हाती त्या संगणकाच्या किल्ल्या आहेत त्यांच्यावर असतो.

या किल्ल्या दोन प्रकारच्या आहेत. पहिली किल्ली नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याची. ती आपल्या परिचयाची आहे. दुसरी किल्ली, ज्या आज्ञावलीच्या आधारे नोंदी होतात ती आज्ञावली लिहिणाऱ्या तंत्रज्ञाची. तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आज्ञावली जेथे लिहिली व जतन केली जाते तो विकास मंच, ओळख आणि अधिकार तपासणाऱ्या प्रवेश-व्यवस्थापन प्रणालीशी कसा जोडतात, आणि त्या जोडणीचा ग्रामपंचायतीशी, शाळेशी व तहसील कार्यालयाशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंद आणि नोंद करणारा हात

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुनी महसुली कागदपत्रे उर्दूत व मोडीतही आढळतात. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या जुन्या दप्तरांचे मोल सर्वांच्या ध्यानात आले. कागद जीर्ण असला तरी त्यावरील हस्ताक्षर, शाई, शिक्का आणि पृष्ठक्रम यांवरून नोंद कोणी व केव्हा केली याचा अदमास घेता येतो.

संगणकातील नोंदीला हस्ताक्षर नसते. तेथे सर्वांची अक्षरे सारखीच. ती नोंद कोणाची, हे केवळ प्रवेश कोणाच्या नावाने झाला यावरून ठरते. म्हणून संगणकयुगात परवलीचा शब्द हेच हस्ताक्षर आणि तोच शिक्का होय. आपला परवलीचा शब्द दुसऱ्यास सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून तो कागद त्याच्या हाती देणे होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क अन्वये दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अथवा परवलीचा शब्द कपटाने वा अप्रामाणिकपणे वापरणे हा तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंतचा दंड यांस पात्र असा अपराध आहे.

हा धोका काल्पनिक नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी हे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव आहे. २०२५ मध्ये या ग्रामपंचायतीच्या नावे अवघ्या तीन महिन्यांत २७,००० हून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले व पोलीस तपास सुरू झाला. त्याच वर्षी नागपूर विभागात बोगस शालार्थ ओळख क्रमांकांच्या आधारे वेतन काढल्याच्या प्रकरणात गुन्हे दाखल होऊन शिक्षण विभागातील अधिकाऱ्यांना अटक झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत अनेक कामांचा आधार मानला जातो. अशा दाखल्याच्या प्रणालीत कोण शिरू शकतो हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक नागरिकाच्या हिताचा आहे.

विकास मंच म्हणजे काय?

आज्ञावली म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची दीर्घ संहिता. एका मोठ्या प्रणालीत अशा लक्षावधी ओळी असतात आणि अनेक तंत्रज्ञ निरनिराळ्या गावी बसून त्या लिहितात. कोणी कोणती ओळ केव्हा बदलली, का बदलली आणि त्या बदलास कोणी मान्यता दिली, याचा हिशेब ठेवण्यासाठी २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ ही प्रणाली निर्माण केली. तिच्या पायावर २००८ मध्ये ‘गिटहब’ आणि २०११ मध्ये ‘गिटलॅब’ हे मंच उभे राहिले. गिटलॅबची मूळ आवृत्ती आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य बसविता येते. शासकीय आज्ञावलींची संहिता एकमेकांस उपलब्ध व्हावी यासाठी केंद्र शासनाने २०१५ मध्ये धोरण जाहीर केले; ‘ओपनफोर्ज’ हा मंच त्याच धोरणातून आला.

असा मंच केवळ कोठार नसतो. तो कारखानाही असतो. संहितेत बदल झाला की तिची चाचणी घेऊन ती प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर पोहोचविण्याचे काम मंच स्वयंचलितपणे करतो. मंचात अनधिकृतपणे शिरलेला माणूस एखादी नोंद नव्हे, तर नोंद करण्याची रीतच बदलू शकतो. गावातील एका सातबाऱ्यात खाडाखोड करणे आणि सातबारा छापणाऱ्या यंत्रातच फेरफार करणे, यांत जितके अंतर आहे तितकेच येथे आहे.

२०१६ मध्ये ‘उबर’ या वाहनसेवा कंपनीच्या संहितेच्या खाजगी कोठारात अनोळखी व्यक्तींनी प्रवेश मिळविला. संहितेतच ठेवलेली दुसऱ्या एका माहितीसाठ्याची किल्ली त्यांच्या हाती लागली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. २०२० मध्ये ‘सोलरविंड्स’ या कंपनीच्या आज्ञावली-बांधणीच्या यंत्रणेत झालेली घुसखोरी उघडकीस आली. तेथे मिसळलेला घातक भाग नेहमीच्या सुधारणेबरोबर सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचला. विहिरीतच विष पडले तर पाटाच्या टोकाला राखण बसवून उपयोग नसतो.

प्रवेश-व्यवस्थापनाचे कार्य

परवलीच्या शब्दाचा इतिहास १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत सुरू होतो. एकच संगणक अनेक संशोधक वापरीत असल्याने प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राखण्यासाठी ही युक्ती योजिली गेली. १९६२ मध्ये तेथील एका संशोधकाने संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली. परवलीचा शब्द जन्मला, आणि लवकरच त्याची मर्यादाही दिसून आली.

आज एका कर्मचाऱ्याला दहा-बारा प्रणाली वापराव्या लागतात. प्रत्येकीचा शब्द वेगळा असला तर तो लक्षात राहत नाही. मग तो टेबलाच्या काचेखाली किंवा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला जातो. प्रवेश-व्यवस्थापन प्रणालीचा हेतू हा की, ओळख तपासण्याचे काम एकाच ठिकाणी, नीट आणि कसोशीने व्हावे, आणि इतर सर्व प्रणालींनी त्या ठिकाणाचा निर्वाळा मान्य करावा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘परिचय’ ही प्रणाली शासकीय कर्मचाऱ्यांसाठी हेच कार्य करते. ज्या संस्थांना स्वतःची व्यवस्था उभारावयाची आहे त्यांच्यासाठी ‘कीक्लोक’ ही विनामूल्य आज्ञावली २०१४ पासून उपलब्ध आहे.

बीड शहराजवळील खजाना विहिरीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. निजामशाहीच्या काळातील या विहिरीत भूमिगत मार्गांनी पाणी एकत्र येते आणि दुसऱ्या भूमिगत मार्गाने शेतांकडे जाते. पाणी एकत्र आल्यामुळे त्याचे नियमन सुलभ होते. पण त्याच कारणाने त्या एका ठिकाणाची निगा अधिक राखावी लागते. ओळख तपासण्याचे केंद्रही असेच आहे. तेथे केवळ परवलीच्या शब्दावर विसंबून न राहता दुसरा पुरावाही मागितला पाहिजे. भ्रमणध्वनीवरील दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा अंक, बोटाचा ठसा किंवा हातात धरता येईल अशी छोटी विद्युत-किल्ली हे त्या पुराव्याचे प्रकार होत.

जोडणीचे टप्पे

दोन प्रणालींची जोडणी म्हणजे दोन कार्यालयांमधील परस्पर-विश्वासाचा करार होय. २०१२ चे ‘ओऑथ २.०’ आणि त्यावर आधारलेले २०१४ चे ‘ओपनआयडी कनेक्ट’ या प्रमाण पद्धती सध्या प्रचारात आहेत. २००५ ची ‘सॅमल २.०’ ही पद्धतही अनेक ठिकाणी वापरतात. ओपनआयडी कनेक्टनुसार काम पुढीलप्रमाणे चालते.

पहिला टप्पा नोंदणीचा. प्रवेश-व्यवस्थापन प्रणालीत विकास मंचाची नोंद केली जाते. त्याला एक नाव व एक गुप्त खूण मिळते, आणि तपासणीनंतर कर्मचाऱ्यास कोणत्या पत्त्यावर परत पाठवावयाचे तो पत्ता निश्चित केला जातो. हा पत्ता अक्षरशः बिनचूक असावा. तो सैल ठेवल्यास निर्वाळ्याचा लखोटा भलत्याच दारी जाऊ शकतो.

दुसरा टप्पा तपासणीचा. तंत्रज्ञ विकास मंचावर आला की मंच त्याला शब्द विचारीत नाही. ओळख तपासण्यासाठी प्रवेश-व्यवस्थापनाकडे पाठवितो. तेथे त्याचा परवलीचा शब्द व दुसरा पुरावा तपासला जातो. विकास मंचास हा शब्द कधीच कळत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

तिसरा टप्पा निर्वाळ्याचा. तपासणी यशस्वी झाल्यावर तंत्रज्ञ एका अल्पजीवी सांकेतिक क्रमांकासह मंचाकडे परततो. मंच तो क्रमांक व आपली गुप्त खूण घेऊन प्रवेश-व्यवस्थापनाशी परस्पर संपर्क साधतो आणि त्या मोबदल्यात स्वाक्षरित ओळखपत्र प्राप्त करतो. त्या पत्रावर ते कोणी दिले, कोणासाठी दिले, कोणत्या व्यक्तीविषयी दिले आणि किती वेळ वैध आहे, हे नमूद असते.

चौथा टप्पा पडताळणीचा. मंचाने पत्रावरील स्वाक्षरी खरी आहे का, पत्र आपल्याच नावे आहे का आणि मुदत संपलेली नाही ना, हे पाहिले पाहिजे. मुदत काही मिनिटांचीच असल्याने दोन्ही सर्व्हरांची घड्याळे जुळलेली असणे आवश्यक असते. जोडणी अचानक बंद पडली, तर पुष्कळदा दोष घड्याळाचाच निघतो.

पाचवा टप्पा खाते जुळविण्याचा. पत्रातील व्यक्ती मंचावर प्रथमच येत असेल तर तिच्यासाठी खाते आपोआप निर्माण करता येते. परंतु असे नवे खाते व्यवस्थापकाची मान्यता मिळेपर्यंत थांबवून ठेवावे. गिटलॅबमध्ये तशी सोय आहे. ओळख पटली म्हणजे अधिकार मिळाला असे नव्हे. कचेरीच्या फाटकावर नाव नोंदविलेल्या प्रत्येकास अभिलेखकक्ष उघडून दिला जात नाही.

अधिकारांची विभागणी

फेरफाराची पद्धत ग्रामीण वाचकांना परिचित आहे. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफाराची नोंद घेतात, संबंधितांना सूचना जाते, हरकतीस मुदत मिळते, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील तत्त्व संगणकाच्याही आधीचे आहे.

विकास मंचावर हेच तत्त्व लागू करता येते. गिटलॅबमध्ये पाहुणा, वार्ता-वाचक, विकासक, देखभालकर्ता आणि स्वामी अशा अर्थाच्या चढत्या भूमिका आहेत. प्रवेश-व्यवस्थापनात कर्मचाऱ्यांचे गट करून प्रत्येक गटास योग्य ती भूमिका द्यावी. गटानुसार भूमिका आपोआप देण्याच्या काही सोयी केवळ सशुल्क आवृत्तीत आहेत. त्या नसतील तेथे हे काम हाताने करून त्याची नोंद ठेवावी. मुख्य संहिता संरक्षित ठेवून विकासकाने सुचविलेला बदल दुसऱ्या जबाबदार व्यक्तीने पाहिल्याशिवाय तिच्यात समाविष्ट होणार नाही, अशी तजवीज करावी. ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार, हा नियम सर्वत्र पाळावा.

बदली, निवृत्ती आणि विसरलेली किल्ली

या विषयातील सर्वांत मोठी उणीव तंत्राची नसून पदभाराची आहे. कर्मचाऱ्याची बदली होते, निरोपसमारंभ होतो, कपाटाच्या किल्ल्या मोजून घेतल्या जातात. परंतु संगणकातील खाते तसेच राहते. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत ‘कलोनियल पाइपलाइन’ ही इंधनवाहिनी काही दिवस बंद पडली. वापरात नसलेल्या एका जुन्या खात्याच्या परवलीच्या शब्दाने घुसखोर आत आले होते आणि त्या खात्यास दुसऱ्या पुराव्याचे संरक्षण नव्हते.

जोडणीमुळे ही उणीव पुष्कळशी भरून निघते. प्रवेश-व्यवस्थापनातील एक खाते बंद केले की त्यास जोडलेल्या सर्व प्रणालींत नव्याने प्रवेश मिळणे थांबते. तथापि येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. विकास मंचावर तंत्रज्ञांनी पूर्वीच घेतलेल्या काही स्वतंत्र किल्ल्या असतात. यंत्रांमधील संपर्कासाठीच्या ‘एसएसएच’ किल्ल्या आणि वैयक्तिक प्रवेश-खुणा या त्यांपैकी होत. त्या वापरताना ओळख तपासणीचे दार ओलांडावे लागत नाही. म्हणून मुख्य दार बंद झाल्यावरही त्या चालू राहू शकतात. त्याचप्रमाणे आधीच सुरू असलेले सत्र मुदत संपेपर्यंत चालते. यास्तव खाते विकास मंचावरही बंद करावे, या खुणा रद्द कराव्यात आणि नव्या खुणांना प्रथमपासूनच मुदत घालून द्यावी. २०१५ मध्ये ठरलेल्या ‘स्किम’ या प्रमाण पद्धतीने दोन्हीकडील खाती एकाच वेळी बंद करण्याची सोय काही मंचांत होते.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. प्रवेश-व्यवस्थापन स्वतःच बंद पडल्यास कोणालाही आत जाता येणार नाही. अशा प्रसंगासाठी मंचावर एक स्वतंत्र आणीबाणीचे खाते असावे. त्याचा परवलीचा शब्द लखोट्यात मोहोरबंद करून जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवावा. लखोटा उघडल्यास त्याचे कारण नोंदवावे आणि शब्द त्वरित बदलावा.

प्रत्येक प्रवेशाची नोंदही जपली पाहिजे. संगणक-सुरक्षेविषयी भारतीय प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निदेशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जतन करणे आणि नमूद केलेल्या सुरक्षाविषयक घटनांची वार्ता सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. नोंदी केवळ साठवून भागत नाही. दरमहा कोणीतरी त्या चाळल्या पाहिजेत. मध्यरात्री झालेला प्रवेश किंवा गावाच्या लोकसंख्येशी विसंगत असलेली नोंदसंख्या मानवी डोळ्यालाच प्रथम खटकते.

कार्यालयांनी विचारावयाचे प्रश्न

जिल्हा परिषद, पंचायत समिती अथवा शिक्षणसंस्था एखादी आज्ञावली करवून घेते, तेव्हा तिची किंमत व मुदत यांची चौकशी होते. त्याबरोबरच पुरवठादारास पुढील प्रश्न लेखी विचारले जाणे इष्ट होय.

१. आज्ञावलीची संहिता कोणत्या मंचावर ठेवली आहे आणि करार संपल्यावर ती कोणाच्या ताब्यात राहील?

२. त्या मंचावर किती व्यक्तींना प्रवेश आहे, आणि प्रत्येकीची ओळख स्वतंत्र खात्याने व दुसऱ्या पुराव्यानिशी तपासली जाते काय?

३. बदल सुचविणारी आणि त्यास मान्यता देणारी व्यक्ती वेगळी आहे काय?

४. काम सोडून गेलेल्या तंत्रज्ञाचे खाते व इतर किल्ल्या किती वेळात रद्द होतात, आणि त्याची नोंद पाहावयास मिळेल काय?

५. माहितीसाठ्याचे परवलीचे शब्द संहितेत लिहून ठेवलेले नाहीत ना?

या प्रश्नांची उत्तरे समजण्यास तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. जो ग्रामपंचायत अधिकारी रोकडवही तपासतो, जो मुख्याध्यापक सामान्य नोंदवहीतील जन्मतारखेची खाडाखोड मान्य करीत नाही, त्याला ही उत्तरे पुरेशी कळतात. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास जिल्ह्यातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

कार्यालयातील व्यवहारासाठी तीन नियम पुरेसे आहेत. संगणकचालकास काम सोपवावयाचे असेल तर त्याच्या नावे मर्यादित अधिकाराचे खाते मागून घ्यावे. स्वतःचे खाते देऊ नये. डिजिटल स्वाक्षरीची विद्युत-किल्ली संगणकाला लावून ठेवून जागा सोडू नये. आणि पदभाराच्या यादीत शिक्के, धनादेश-पुस्तके व कपाटांच्या किल्ल्यांखाली संगणकातील खात्यांचे एक कलम घालावे. कार्यमुक्त होणाऱ्याची कोणती खाती बंद झाली आणि रुजू होणाऱ्यास कोणती मिळाली, हे त्यात लिहून उभयतांनी सही करावी. सरपंच बदलल्यावरही हेच करावे. कारण पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीची प्रदाने सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी होत आली आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. अकरा तालुक्यांतील या लोकांची जमीन, जन्म, शिक्षण आणि मदत यांच्या नोंदी आता संगणकाच्या स्वाधीन आहेत. फडावरून परतलेल्या कुटुंबाने पाडव्यानंतर सातबारा काढावा आणि तो जसा ठेवून गेले होते तसाच मिळावा, यासाठी दूरच्या शहरातील विकास मंचाचे दार आणि गावातील टेबलावरचा परवलीचा शब्द, दोन्ही सारख्याच काळजीने राखले पाहिजेत. पहिल्याची व्यवस्था तंत्रज्ञ करतील. दुसऱ्याची राखण ज्याची त्यानेच करावयाची आहे.